सूर्यावरचा पहारा

सूर्याविषयीच्या वार्ता हल्ली दोन सुरांत कानी येतात. एक सूर भयाचा आहे. सूर्यावर स्फोट झाला, आता उपग्रह कोसळणार, तारा जळणार आणि जगाचे सारे व्यवहार एका रात्रीत थांबणार, असे तो सांगतो. दुसरा सूर बेफिकिरीचा. नऊ कोटी तीस लाख मैलांवरच्या अग्निगोलात काय उलथापालथ होते, तिची चिंता आम्ही का वाहावी, असे तो विचारतो. या दोन्ही सुरांत सत्याचा अंश आहे आणि दोन्ही सूर माणसाला त्याच्या कर्तव्यापासून दूर नेणारे आहेत. भयभीत मनुष्य तयारी करीत नाही आणि बेफिकीर मनुष्यही करीत नाही. परिणामाच्या दृष्टीने पाहता दोघांत फारसा भेद उरत नाही.

या विषयाकडे आज मुद्दाम लक्ष वेधण्यास एक कारण आहे. सूर्यावरील डागांची संख्या सुमारे अकरा वर्षांच्या अंतराने वाढते व घटते, हे शाळेतील विद्यार्थ्यांसही ठाऊक असते. चालू चक्र हे मोजणीतले पंचविसावे. सूर्य या चक्राच्या परमोच्च अवस्थेत पोचल्याचे ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी जाहीर केले. यावरून काही लोकांनी असा निष्कर्ष काढला की, शिखर गाठले, आता उतार लागला, म्हणजे धोका सरला. हा निष्कर्ष चुकीचा आहे. मागील एका चक्राचे शिखर २००० आणि २००१ च्या सुमारास येऊन गेले होते. परंतु त्या चक्रातील सर्वांत गाजलेली वादळे ऑक्टोबर-नोव्हेंबर २००३ मध्ये, म्हणजे उतार लागल्यावर आली. पावसाळा सरत आला म्हणून नदीकाठच्या गावाने निर्धास्त होऊ नये. परतीचा पाऊसही पूर आणतो, हे आपल्याकडे वेगळे सांगावयास नको.

मुळात सूर्याकडून पृथ्वीवर येते काय, हे नीट समजून घेतले पाहिजे; कारण अर्धे भय अज्ञानातून जन्मते. सूर्यावरील डागांच्या परिसरात चुंबकीय बलरेषांचा पीळ वाढत जातो. तो पीळ एकाएकी सुटला म्हणजे प्रचंड ऊर्जा मोकळी होते. तिचा परिणाम पृथ्वीवर तीन टप्प्यांत पोचतो. प्रथम येतो तो प्रकाश व क्ष-किरण. सौरज्वाला ती हीच. तिला येथे येण्यास आठ मिनिटे व काही सेकंद लागतात. पृथ्वीच्या दिवस असलेल्या बाजूचे आयनांबर तिच्यामुळे क्षुब्ध होते आणि लघुलहरींवरील रेडिओ संदेश बंद पडतात. त्यामागून काही मिनिटांत किंवा काही तासांत वेगवान प्रोटॉन कण येतात. ते उपग्रहांतील नाजूक यंत्रणेला, अंतराळवीरांना आणि ध्रुवप्रदेशावरून उडणाऱ्या विमानांना उपद्रव देतात. सर्वांत शेवटी येतो तो सौरद्रव्याचा लोट. अब्जावधी टन वजनाचा, स्वतःचे चुंबकीय क्षेत्र घेऊन निघालेला हा लोट येथे पोचावयास कधी पंधरा-सतरा तास, तर कधी दोन-तीन दिवस लागतात. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हादरते ते याच्यामुळे. भूचुंबकीय वादळ म्हणतात ते यालाच.

म्हणजे सूर्य पूर्वसूचना दिल्यावाचून घाला घालीत नाही. पहिल्या दूताच्या आगमनानंतर शेवटचा येईपर्यंत निदान काही तासांची सवड मिळते. या सवडीचा उपयोग करणे न करणे हे मात्र माणसाच्या हाती आहे, आणि सारा प्रश्न तेथेच येऊन ठेपतो.

या गोष्टीचा पहिला धडा जगाला मिळाला तो १८५९ मध्ये, आणि त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. त्या वर्षी १ सप्टेंबर रोजी सकाळी ११ वाजून १८ मिनिटांच्या सुमारास लंडनच्या दक्षिणेस रेडहिल येथे रिचर्ड कॅरिंग्टन हा ज्योतिर्विद सूर्यावरील डागांचे रेखाटन करीत होता. त्या डागांच्या समूहात एकाएकी पांढऱ्या शुभ्र प्रकाशाचे दोन ठिपके चमकून गेले. सुमारे पाच मिनिटांत सारे मावळले. त्यानंतर साडेसतरा तासांनी पृथ्वीवर जे वादळ आले, त्यात युरोप व अमेरिकेतील तारायंत्रे बेभान झाली. बोस्टन व पोर्टलंड येथील तारमास्तरांनी आपल्या बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि केवळ आकाशातून तारेत उतरलेल्या विजेवर काही काळ संदेशांची देवघेव केली. एरवी ध्रुवप्रदेशात दिसणारा प्रकाश क्यूबासारख्या उष्ण प्रदेशातील लोकांनी पाहिला.

मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरचा दिवस चांगला वर आला होता. आकाशात पाहण्याजोगे काही नव्हते. परंतु कुलाब्याच्या वेधशाळेत टांगलेला एक लोहचुंबक वेगळेच काही सांगत होता. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापिलेल्या या वेधशाळेत १८४१ पासून भूचुंबकत्वाची मोजणी चाले. दुर्बिणीतून मोजपट्टी पाहावयाची, आकडा वाचावयाचा, वहीत उतरवावयाचा, असे ते काम. चुंबक अस्वस्थ झाला म्हणजे वाचनांतील अंतर कमी करून दर पाच मिनिटांनी आकडा घ्यावयाचा, असा तेथील शिरस्ता होता. युरोपातील कित्येक यंत्रांतील चुंबक त्या वादळात मोजपट्टीच्या बाहेर गेले. कुलाब्याच्या वहीत मात्र आडव्या चुंबकीय बलाची ती घसरण आकड्यांत उतरली. सुमारे १,६०० नॅनोटेस्ला, म्हणजे मुंबईतील नित्याच्या बलाच्या चार टक्क्यांच्या आसपास, इतकी ती मोठी होती.

ते आकडे लिहिणाऱ्यांना आपण काय लिहीत आहो, याची कल्पना नसावी. त्या आकड्यांचे मोल ओळखले गेले ते तब्बल १४४ वर्षांनी. अमेरिकेतील ब्रूस त्सुरुतानी आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील गुरबक्ष लखिना आदी संशोधकांनी २००३ मध्ये या जुन्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि आधुनिक काळातील सर्वांत तीव्र गणल्या जाणाऱ्या त्या वादळाचे माप जगाला प्रथमच नीट समजले. आज कोणत्याही देशाचा अभियंता आपल्या वीजजाळ्याला किती मोठा धक्का सोसावा लागेल याचा हिशेब मांडू लागला, म्हणजे त्याला कुलाब्याच्या या आकड्याचा विचार करावा लागतो.

ही परंपरा टिकली तीही अपघाताने नव्हे. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार हे ठरले तेव्हा त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याची मोजणी दूषित होणार, हे उघड झाले. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी त्यावर तोडगा काढला. ट्रामला विरोध करण्यात काळ न घालविता त्यांनी अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारविली. १९०४ पासून ती सुरू झाली, आणि पुढील सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी ठेवण्यात आली. हेतू असा की, जुन्या आकड्यांचा नव्या आकड्यांशी सांधा जुळावा. शहराची प्रगती अडली नाही आणि विज्ञानाचा धागाही तुटला नाही. सार्वजनिक कारभारात दूरदृष्टी कशास म्हणावी, याचे याहून चांगले उदाहरण सहसा सापडणार नाही.

सूर्यावरचा पहारा ही केवळ विद्वानांची हौस आहे, असे मानणाऱ्यांनी १९६७ चा मे महिना आठवावा. अमेरिका व सोव्हिएत रशिया यांच्यातील शीतयुद्धाचा तो काळ. २३ मे रोजी, येणाऱ्या क्षेपणास्त्रांची चाहूल घेण्यासाठी अमेरिकेने उत्तरेकडे उभारलेली रडार केंद्रे एकाएकी निकामी झाल्यासारखी वागू लागली. शत्रूने ती मुद्दाम बंद पाडली असावीत, असा संशय आला. आणि अशा संशयाचा अर्थ त्या दिवसांत युद्धाची नांदी असाच होत असे. परंतु अमेरिकन हवाई दलाने त्याच दशकात सूर्याचे वेध घेणारी एक लहानशी शाखा उघडली होती. सूर्यावर प्रचंड ज्वाला उफाळली असून रडार बंद पडण्याचे कारण तीच आहे, ही माहिती त्या शाखेकडून वेळेवर वर पोचली आणि विमाने आकाशात झेपावली नाहीत. हा प्रसंग जगाला तपशिलाने कळला तो २०१६ मध्ये. सूर्याकडे पाहत बसलेल्या काही माणसांनी त्या दिवशी काय टाळले, याची कल्पनाच केलेली बरी.

विजेच्या बाबतीतला धडा कॅनडाने घेतला. १३ मार्च १९८९ च्या पहाटेपूर्वी क्विबेक प्रांताचे वीजजाळे भूचुंबकीय वादळाने अवघ्या दीड मिनिटात कोसळले आणि साठ लक्ष लोक सुमारे नऊ तास काळोखात व थंडीत राहिले. चुंबकीय क्षेत्र वेगाने बदलले म्हणजे जमिनीत विद्युत्प्रवाह निर्माण होतात. ते लांबच लांब वाहिन्यांतून रोहित्रांत शिरतात आणि त्यांचे कार्य बिघडवितात. हे संकट केवळ बर्फाळ प्रदेशाचे आहे, असेही समजू नये. २००३ च्या वादळांत स्वीडनमधील माल्मो शहराची वीज गेली हे खरे. परंतु त्यानंतरच्या काळात दक्षिण आफ्रिकेतील काही मोठी रोहित्रे नादुरुस्त झाली आणि त्यांचा संबंध तेथील अभियंत्यांनी याच वादळांशी जोडला. दक्षिण आफ्रिका ध्रुवाजवळ नाही.

याच्या उलट, वेळीच सावध झाल्याने काय साधते तेही पाहावे. १० व ११ मे २०२४ रोजी जे वादळ आले ते २००३ नंतरचे सर्वांत तीव्र होते. सूर्यावरील एकाच अजस्र डागसमूहातून एकामागून एक लोट सुटले होते. लडाखमधील हानले येथे आकाशात तांबूस आभा दिसली. अमेरिकेत पेरणीचे दिवस होते. उपग्रहांच्या मार्गदर्शनावर चालणारे ट्रॅक्टर दिशा चुकू लागले आणि शेतकऱ्यांना काम थांबवावे लागले. न्यूझीलंडच्या वीज अधिकाऱ्यांनी मात्र इशारा मिळताच काही वाहिन्या आपण होऊन बंद केल्या आणि रोहित्रांवरचा ताण कमी केला. वादळ आले, गेले. दिवे चालू राहिले. न झालेल्या नुकसानीची बातमी होत नाही. पण राज्यकारभाराची परीक्षा बहुधा अशा न झालेल्या नुकसानीतच होते.

भारताला या संकटाची किती झळ पोचेल? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर दुहेरी आहे. आपला देश चुंबकीय ध्रुवांपासून दूर आहे. त्यामुळे वीजजाळ्याला असणारा धोका कॅनडा किंवा स्वीडनच्या मानाने कमी, हे निःसंशय. परंतु दळणवळण आणि दिशादर्शन यांच्या बाबतीत स्थिती उलट आहे. चुंबकीय विषुववृत्त आपल्या द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाजवळून जाते. १९६३ मध्ये अग्निबाण सोडण्यासाठी केरळातील थुंबा हे मच्छीमारांचे गाव निवडले गेले ते याच कारणासाठी. या पट्ट्यातील आयनांबर शांत दिवसांतही चंचल असते. सूर्यास्तानंतर त्यात जणू बुडबुडे उठतात आणि उपग्रहांकडून येणारे संकेत थरथरू लागतात. सौरवादळाने ही चंचलता कधी दबते, कधी भडकते. विमाने, जहाजे, मच्छीमारांच्या होड्या, बँकांतील घड्याळे, दूरध्वनीचे मनोरे, या साऱ्यांचा भरवसा आज त्या संकेतांवर आहे. कुलाब्याच्या काळी वादळाने बिघडण्याजोगे होते ते तारायंत्र एकटेच. आज बिघडण्याजोगे काय नाही, असे विचारावे लागेल.

यंत्रांवरचे हे अवलंबन किती नाजूक आहे, याचे दाखले ताजे आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकचे ४९ उपग्रह सोडले गेले. अगदी साधारण प्रतीच्या वादळाने वरचे वातावरण फुगले आणि त्यांतील बहुतेक उपग्रह कक्षेत चढण्यापूर्वीच खाली येऊन जळाले. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस एअरबस कंपनीने, तीव्र सौर किरणोत्सर्गाने उड्डाण-नियंत्रणाची माहिती बिघडण्याचा संभव आहे असे सांगून, ए-३२० वर्गातील हजारो विमानांची तातडीने दुरुस्ती करविली. भारतीय विमानेही त्यांत होती. आणि मुंबईकरांना १२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार विसरता येणार नाही. त्या दिवशी वीज गेली, लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या, रुग्णालयांची धावपळ उडाली. त्या बिघाडाचा सूर्याशी काही संबंध नव्हता, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. परंतु वीज काही तास नसली तर या नगरीचे काय होते, हे त्या दिवसाने आपणांस दाखविले.

पहाऱ्याची साधने आपल्याजवळ आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. कोडाईकनाल येथील वेधशाळेची स्थापना १८९९ ची. तिच्याजवळ शतकाहून अधिक काळातील सूर्याच्या छायाचित्रांचा साठा आहे. उदयपूरच्या फतेहसागर तलावातील बेटावरून सूर्याचे वेध घेतले जातात. अलिबागची मोजणी चालू आहे. आणि २ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे कुलाब्याच्या त्या नोंदीनंतर नेमक्या १६४ वर्षांनी, भारताने आदित्य-एल१ हे यान सोडले. ६ जानेवारी २०२४ रोजी ते पृथ्वीपासून पंधरा लक्ष किलोमीटरवरील आपल्या कक्षेत स्थिरावले. त्यावरील सात उपकरणांपैकी सूर्याचे अतिनील किरणांतील चित्र घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेने घडविली आहे.

तथापि या पहाऱ्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. सौरद्रव्याचा लोट निघाला, हे दुर्बिणीला दिसते. तो पृथ्वीला किती घायाळ करील हे मात्र त्याच्या पोटातील चुंबकीय क्षेत्राची दिशा ठरविते. ती दक्षिणेकडे असली तर पृथ्वीचे कवच उघडे पडते, उत्तरेकडे असली तर बहुधा निभावते. ही दिशा खात्रीने कळते ती लोट आदित्यसारख्या यानावर येऊन आदळल्यावरच. आणि तेव्हा पृथ्वीवरच्या लोकांना पंधरा मिनिटांपासून सुमारे तासाभराचा अवधी उरतो. एवढ्या अवधीत समित्या नेमता येत नाहीत, परिपत्रके काढता येत नाहीत. कोणी कोणती कळ दाबावयाची, हे आधीच ठरलेले असले तरच त्या तासाचा उपयोग.

म्हणून आमचे म्हणणे असे. चक्रीवादळ येऊ घातले म्हणजे बंदरावर बावटा लागतो आणि अक्षरशत्रू कोळ्यालाही त्याचा अर्थ कळतो. सौरवादळाचे इशारेही पाच पायऱ्यांनी मोजण्याची पद्धत जगात रूढ आहे. त्या पायऱ्यांचा अर्थ आपल्या भाषांत, नेमक्या शब्दांत, अधिकृत मुखाने आणि वेळेवर लोकांपर्यंत पोचावयास हवा. अधिकृत वाणी मौन पाळते तेव्हा रिकामी जागा अफवा भरून काढतात. मग एखाद्या किरकोळ ज्वालेनेही लोक घाबरतात आणि खऱ्या संकटाच्या वेळी, हे नेहमीचेच, म्हणून मान फिरवितात. वीजमंडळे, विमानतळ, रेल्वे व रुग्णालये यांनी अशा प्रसंगाची तालीम करावयास हवी. तालमीला खर्च फार नाही, शिस्त लागते.

याहून महत्त्वाची गोष्ट नोंदींची. नवे यान आकाशात झेपावते तेव्हा टाळ्या पडतात आणि त्या पडाव्यातही. पण रोज त्याच यंत्रासमोर बसून तोच आकडा उतरविणाऱ्या माणसासाठी कोणी टाळ्या वाजवीत नाही. अशा जागा रिक्त राहिल्या, यंत्र काही महिने बंद पडले, इमारतीच्या शेजारी लोखंड व विजेच्या तारा येऊन बसल्या, तर वृत्तपत्रांतही चार ओळी येत नाहीत. पण खंड पडलेली नोंद पुढे कितीही द्रव्य ओतले तरी विकत घेता येत नाही. १८५९ चा तो दिवस कुलाब्याने नोंदविला नसता, तर आज जगातील कोणतीही प्रयोगशाळा तो नव्याने मोजू शकली नसती.

तसे वादळ पुन्हा केव्हा येईल? शास्त्रज्ञांच्या अंदाजांत एकमत नाही. २३ जुलै २०१२ रोजी त्याच तोडीचा एक लोट सूर्यावरून सुटला होता. तेव्हा पृथ्वी त्याच्या वाटेवर नव्हती, इतकेच. उद्या येईल असे म्हणून लोकांना घाबरविणे गैर आहे. आमच्या हयातीत येणारच नाही, असे गृहीत धरून स्वस्थ बसणे हे तितकेच गैर. काळाचा नेम नसलेल्या संकटाला एकच उत्तर असते. ते म्हणजे नित्याचा जागता पहारा.

कुलाब्यात त्या सकाळी चुंबकासमोर बसलेल्या मनुष्याने आभाळाकडे पाहिले असते, तर त्याला नेहमीचाच दिवस दिसला असता. त्याने मोजपट्टीकडे पाहिले आणि दर पाच मिनिटांनी खरा आकडा लिहिला. त्याला पुरस्कार मिळाला नाही, की त्याचे नाव लोकांच्या तोंडी आले नाही. परंतु दीडशेहून अधिक वर्षांनंतरही त्याच्या वहीचा आधार जगाला घ्यावा लागतो. आज आपल्या हाती दुर्बिणी आहेत, याने आहेत, आणि त्याला ठाऊक नव्हते ते ज्ञानही आहे. त्याची ती चिकाटी आपल्याजवळ आहे की नाही, याचे उत्तर मात्र आपणच द्यावयाचे आहे. आणि ते पुढच्या वादळापूर्वी दिलेले बरे.